खऱ्या मेंढपाळाचा आवाज ओळखायचा कसा?

मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती माणसाच्या कानावर आज आठवडाभरात जितके उपदेश पडतात, तितके त्याच्या आजोबांच्या कानावर महिन्यातही पडत नसत. रविवारी भायखळ्याच्या नाहीतर दादरच्या चर्चमधली उपासना, बुधवारी कुणाच्या घरी किंवा शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये प्रार्थनासभा, आणि रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर एखाद्या अनोळखी 'प्रॉफेट'चा व्हिडिओ: हा संदेश तुझ्यासाठीच आहे, पूर्ण ऐकल्याशिवाय बंद करू नकोस. एक म्हणतो एकवीस दिवस उपास कर. दुसरा म्हणतो पाच हजारांचं 'बी' पेर, दसपट पीक येईल. तिसरा सांगतो, तुझे पाळकसाहेब आत्म्यानं भरलेले नाहीत, माझ्याकडे ये. भरीला आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली. 2025 मध्ये पोप लिओ चौदावे निवडून आले आणि पाहता पाहता त्यांच्या चेहऱ्याचे, त्यांच्याच आवाजाचे बनावट व्हिडिओ यूट्यूबवर फिरू लागले. त्यांनी कधी न उच्चारलेली वाक्यं त्यांच्या तोंडी घातलेली होती.

अशा उपदेशकांच्या ओठांवर एक वचन हमखास असतं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्राच्या, दहाव्या अध्यायातलं, 'माझी मेंढरे माझी वाणी ऐकतात'. त्याचा अर्थ असा लावला जातो की, आमचं ऐकत असाल तर तुम्ही खरी मेंढरं, आणि शंका आली तर दोष तुमच्या कानांचा. या वचनाचा याहून उलटा वापर मला सुचत नाही. त्याच अध्यायाच्या पाचव्या वचनात येशू म्हणतो की मेंढरं परक्याच्या मागे जाणार नाहीत, उलट त्याच्यापासून पळतील. म्हणजे ऐकण्याची जशी शाबासकी आहे, तशीच पळून जाण्याचीही आहे.

आधी काही शब्द

ख्रिस्ती परिवाराबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. 'मंडळी' म्हणजे चर्चमध्ये एकत्र येणारा विश्वासणाऱ्यांचा समुदाय. त्याची आध्यात्मिक काळजी वाहणारा तो 'पाळक'. कॅथलिक लोक त्याच जागी 'फादर' म्हणतात. 'संदेष्टा' म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणारा. 'पारख' हा शब्द मी या लेखात एकाच अर्थानं वापरणार आहे. एखादं बोलणं, एखादी प्रेरणा देवाकडून आहे, माणसाच्या स्वतःच्या मनातून आहे की आणखी कुठून, हे तपासणं म्हणजे पारख.

ही तपासणी अविश्वासाचं लक्षण आहे असं अनेकांना शिकवलं गेलं आहे. पवित्र शास्त्र मात्र ती करायला सांगतं. योहानाच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायाची सुरुवातच अशी आहे की प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, आत्मे देवापासून आहेत की नाहीत याची परीक्षा करा. प्रेषित, म्हणजे येशूनं पाठवलेला, पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहितो, संदेशांचा धिक्कार करू नका, पण सगळ्याची पारख करा आणि चांगलं ते धरून ठेवा. बिरुया गावच्या लोकांनी पौलाचं ऐकलं आणि तो म्हणतो ते खरं आहे का, हे रोज शास्त्र उघडून पाहिलं. त्याबद्दल बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात त्यांचं कौतुक आहे. ज्याला तपासलं तो साधा माणूस नव्हता, खुद्द प्रेषित पौल होता.

मेंढवाड्यात काय घडतं

येशूचे श्रोते मेंढरं रोज बघणारे होते. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ती दिवाळीनंतर कोकणात उतरणाऱ्या धनगरांच्या कळपांतच पाहिली असतील. घाटावरून आलेले कळप शेतकरी आपल्या शेतात बसवून घेतो, कारण लेंडीखत मिळतं. त्या कळपाजवळ जाऊन तुम्ही धनगराच्या आरोळीची कितीही हुबेहूब नक्कल करा, फार तर चार माना वर होतील.

पॅलेस्टाईनमध्ये रात्री कित्येकदा दोन-तीन मेंढपाळांचे कळप एकाच मेंढवाड्यात कोंडले जात. सकाळी प्रत्येक जण दाराशी येऊन आपापल्या मेंढरांना हाक मारी आणि पुढे चालू लागे. मिसळलेल्या कळपातून त्याची तेवढी मेंढरं बाहेर येत. दहाव्या अध्यायातलं चित्र हेच आहे. तो आपल्या मेंढरांना नावानं हाक मारतो, बाहेर नेतो, त्यांच्यापुढे चालतो.

'मेंढरू' म्हटलं की आपल्याकडे बिनडोक माणूस डोळ्यांपुढे येतो. हा अन्याय आहे. 2001 मध्ये इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की मेंढरू पन्नास वेगवेगळ्या मेंढरांचे चेहरे दोन वर्षांहून अधिक काळ लक्षात ठेवू शकतं. ओळखणं हा त्याचा स्वभाव आहे. आणि ही ओळख एका दिवसात तयार होत नाही. पाणी कुणी दाखवलं, पाय मोडला तेव्हा उचलून कुणी घेतलं, रात्री कोल्हं आलं तेव्हा कोण जागं होतं, या सगळ्यातून ती बनते. म्हणून 'वाणी ओळखणं' ही काही निवडक लोकांना मिळालेली गूढ शक्ती आहे असं मी मानत नाही. ती सहवासातून येते. योहान, मत्तय, मार्क, लूक वर्षानुवर्षं वाचणाऱ्या साध्या बाईला येशू कसा बोलतो, कुणावर चिडतो, कुणापाशी थांबतो हे ठाऊक असतं. त्याच्या नावानं कुणी वेगळ्याच सुरात बोलू लागलं तर तिला ते खटकतं. का खटकलं ते तिला नेमकं सांगता येणार नाही कदाचित, पण खटकतं.

ज्यानं आधी फक्त आवाजच ऐकला होता

दहावा अध्याय बहुतेक वेळा सुटा वाचला जातो. तो नवव्याला जोडून वाचला की सगळा उलगडतो.

नवव्या अध्यायात जन्मापासून आंधळा असलेला एक माणूस आहे. येशू त्याच्या डोळ्यांना चिखल लावतो आणि शिलोहाच्या तळ्यावर जाऊन धू म्हणतो. माणूस जातो, धुतो, त्याला दिसू लागतं. पण त्या क्षणी येशू तिथे नाही. बरं करणाऱ्याला त्यानं पाहिलेलंच नाही, फक्त ऐकलेलं आहे.

मग त्याला परूश्यांपुढे, म्हणजे त्या काळच्या प्रतिष्ठित धर्मपुढाऱ्यांपुढे उभं करतात. काम शब्बाथ दिवशी, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी झालं, त्यामुळे ते देवाचं असूच शकत नाही, असा त्यांचा दावा. आईवडिलांना बोलावतात, सभास्थानातून बहिष्कृत होण्याच्या भीतीनं ते अंग काढून घेतात. त्या माणसावर दबाव येतो: तो येशू पापी आहे असं कबूल कर. तो म्हणतो, तो पापी आहे की नाही मला ठाऊक नाही, एक ठाऊक आहे, मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं. पुढारी त्याला शिव्या देतात, तू जन्मापासून पापात बुडालेला, तू आम्हाला शिकवतोस का, असं सुनावतात आणि बाहेर घालवतात. येशूला हे कळतं. तो त्याला शोधून काढतो आणि त्याच्याशी बोलतो.

या प्रसंगानंतर लगेच मेंढपाळाचं भाषण सुरू होतं, आणि ऐकणाऱ्यांत तेच परूशी उभे आहेत. चोर, लुटारू, परका, मोलकरी (म्हणजे मजुरीवर मेंढरं राखणारा) हे शब्द कुणाला उद्देशून आहेत ते त्यांना पुरतं कळलं असणार. एका बाजूला ज्यांच्या हाती अधिकार होता, ग्रंथाचं ज्ञान होतं, पण ज्यांनी दुबळ्या माणसाला हाकलून दिलं. दुसऱ्या बाजूला जो हाकललेल्याला शोधत गेला. खऱ्या मेंढपाळाची ओळख इथे आहे, असं मला मनापासून वाटतं. त्याच शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात मग्दालीया मरीया पुनरुत्थित येशूला समोर पाहूनही माळी समजते. तो 'मरीये' अशी हाक मारतो, तेव्हा ओळखते.

पगार घेणारा पाळक मोलकरी का?

नाही. हा गैरसमज ठिकठिकाणी ऐकू येतो, आणि तुटपुंज्या पगारावर चाळीस चाळीस वर्षं सेवा केलेल्या आपल्या पाळकांवर तो अन्याय करतो. कामकरी आपल्या मजुरीला योग्य आहे, हे येशूचेच शब्द आहेत. मोलकऱ्याची खूण येशू वेगळी सांगतो. लांडगा येताना दिसला की तो मेंढरं टाकून पळतो, कारण त्याला मेंढरांची काळजी नसते. म्हणजे ओळख पटते ती संकटाच्या वेळी. कुणाच्या घरात मरण आलं, कुणाची नोकरी गेली, कुणाच्या मुलीचा सासरी छळ झाला, त्या दिवशी पाळक कुठे होता?

येशूच्या आधी सुमारे सहाशे वर्षं यहेज्केल संदेष्ट्यानं चौतिसाव्या अध्यायात वाईट मेंढपाळांवरचं आरोपपत्रच लिहून ठेवलं. तुम्ही चरबी खाता, लोकर पांघरता, पुष्ट मेंढरं कापता, पण कळपाला चारत नाही. दुबळ्याला बळ दिलं नाही, रोग्याला बरं केलं नाही, मोडलेल्याला बांधलं नाही, भरकटलेल्याला परत आणलं नाही, हरवलेल्याला शोधलं नाही. सक्तीनं आणि कठोरपणानं सत्ता गाजवली. उपदेशकाचं वक्तृत्व किती, सभेला गर्दी किती, गाण्यांचा सूर कसा, यातलं काहीही त्या यादीत नाही.

यातून एक साधी कसोटी मिळते: मंडळी सोडून गेलेल्यांबद्दल हा माणूस काय बोलतो? लूकच्या पंधराव्या अध्यायातला मेंढपाळ नव्व्याण्णव मेंढरं मागे ठेवून एकाला शोधायला जातो. उलट, 'ते गेले, आता बघा त्यांच्या घरात काय काय होतं ते' असं जिथे व्यासपीठावरून सांगितलं जातं, तिथला सूर येशूचा नाही.

डिजिटल अटकेचा फोन

खोट्या आवाजाची रीत समजून घ्यायला आजचा एक अनुभव पुरेसा आहे. 27 ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी 'डिजिटल अरेस्ट' नावाच्या फसवणुकीबद्दल देशाला सावध केलं, आणि अशी अटक कायद्यात नाहीच हे सांगितलं. तोतया अधिकारी व्हिडिओ कॉल करतो. तुमची थोडी खरी माहिती त्याला आधीच ठाऊक असते. तो मोठ्या संस्थेचं नाव घेतो, भीती घालतो, म्हणतो आत्ताच्या आत्ता करा, कॉल ठेवू नका, घरच्यांना सांगू नका, मग पैसे पाठवायला लावतो. सुशिक्षित, निवृत्त, हुशार माणसं यात फसली. ती मूर्ख नव्हती; त्यांना विचार करायला आणि दुसऱ्या माणसाला विचारायला वेळच मिळू दिला नाही.

खोटा आध्यात्मिक मेंढपाळही याच पायऱ्यांनी चढतो. देवाचं नाव घेऊन बोलतो. तुमच्या घरातलं दुखणं त्याला कुणाकडून तरी कळलेलं असतं, ते तो 'प्रकटीकरण' म्हणून सांगतो. आज रात्री बारापर्यंत आज्ञा पाळली नाही तर आशीर्वाद दुसऱ्याकडे जाईल, म्हणतो. नवऱ्याला सांगू नका, तो विश्वासात कच्चा आहे. पाळकांना विचारू नका, ते जळतात. शेवटी क्यूआर कोड येतो. घाई, गुपित, भीती आणि पैसा ही चार माणसं एकत्र दारात उभी दिसली तर दार उघडू नका.

येशूच्या बोलण्यात घाई जवळपास नाहीच. श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला तेव्हा येशूनं त्याला जाऊ दिलं. कठीण बोलणं ऐकून पुष्कळ शिष्य सोडून गेले, तेव्हा त्यानं उरलेल्या बारांना विचारलं, तुमचीही जायची इच्छा आहे का?

पहिल्या मंडळ्यांनी काय केलं

हा प्रश्न यूट्यूबनं आणलेला नाही. पहिल्या-दुसऱ्या शतकात फिरते उपदेशक गावोगावी जात आणि मंडळ्यांना त्यांची पारख करावी लागे. त्या काळची 'डिडाखे' नावाची एक छोटी ग्रीक पुस्तिका आहे. तिची प्रत 1873 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडली आणि 1883 मध्ये छापली गेली. तिच्या अकराव्या भागातले नियम वाचताना मला दर वेळी नवल वाटतं. फिरता प्रेषित आला तर त्याचं प्रभूसारखं स्वागत करा. एक दिवस राहू दे, गरज असेल तर दोन. तीन दिवस राहिला तर तो खोटा. जाताना पुढच्या मुक्कामापर्यंत पुरेल एवढी भाकरी द्या. पैसे मागितले तर तो खोटा. आत्म्यात बोलतो असं भासवून 'मला पैसे द्या' म्हणाला तर ऐकू नका, पण दुसऱ्या गरजवंतासाठी द्या म्हणाला तर त्याला दोष देऊ नका. आत्म्यात बोलणाऱ्याची तो बोलत असताना परीक्षा करू नका, असंही त्यात आहे. पारख त्याच्या वागण्यावरून करायची: प्रभूची रीत त्याच्या अंगी आहे का?

पौलही पैशांच्या बाबतीत असाच काटेकोर होता. यरुशलेमच्या गरिबांसाठी त्यानं वर्गणी गोळा केली, तेव्हा ती एकट्यानं नेली नाही. आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत दिला, कुणी बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून. तो लिहितो, आम्ही फक्त प्रभूच्या दृष्टीनं नव्हे तर माणसांच्याही दृष्टीनं योग्य ते करतो. 'मी देवाला हिशेब देतो, माणसांना नाही' असं म्हणणाऱ्याला हे वाक्य दाखवावं.

'पण अभिषिक्ताला हात लावू नका ना?'

पाळकाला प्रश्न विचारला की हे उत्तर हमखास येतं. अभिषिक्त म्हणजे देवानं आपल्या कामासाठी निवडलेला. वचन स्तोत्र 105 मधलं आहे, आणि तिथे विषय अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्या भटकंतीचा आहे. परदेशी राजांनी त्यांना इजा करू नये, असा त्याचा अर्थ. दाविदानंही शौल राजाला अभिषिक्त म्हणून मारलं नाही हे खरं, पण गुहेतून बाहेर येऊन, झग्याचा कापलेला तुकडा हातात धरून, सगळ्यांदेखत त्याला जाब विचारला. पुढे तोच दावीद राजा झाला आणि दुसऱ्याची बायको असलेल्या बथशेबेच्या प्रकरणात घसरला, तेव्हा नाथान संदेष्ट्यानं त्याच्या तोंडावर सांगितलं, तो माणूस तूच. अंत्युखियात पौलानं प्रेषित पेत्राला सर्वांसमोर टोकलं, हे गलतीकरांच्या पत्रात आहे. आणि वडिलांविरुद्धच्या, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांविरुद्धच्या, तक्रारीबद्दल तीमथ्याच्या पहिल्या पत्रात नियम आहे: दोन-तीन साक्षीदार असल्याशिवाय ऐकू नका, पण पाप करीतच राहिले तर सर्वांसमोर कानउघाडणी करा. यात पाळकाला खोट्या आळापासून संरक्षण आहे आणि मंडळीलाही.

'न्याय करू नका' हे मत्तयच्या सातव्या अध्यायाचं पहिलं वचन. त्याच अध्यायात पुढे खोट्या संदेष्ट्यांना त्यांच्या फळांवरून ओळखा, असं येशू सांगतो. दोन्ही एकाच भाषणातली वाक्यं आहेत.

'पण तिथे चमत्कार होतात'

होत असतील. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात मोशे सांगतो की एखाद्या संदेष्ट्यानं दिलेलं चिन्ह खरंही ठरलं, पण तो तुम्हाला देवापासून दूर नेत असेल तर त्याचं ऐकू नका. आणि येशू म्हणतो, त्या दिवशी पुष्कळ जण म्हणतील, प्रभो, तुझ्या नावानं आम्ही भुतं काढली. आणि मी त्यांना म्हणेन, मला तुमची कधीच ओळख नव्हती. म्हणजे चमत्कार झाला की नाही या वादात शिरण्याचीही गरज नाही. चमत्कार ही पारखीची कसोटीच नाही.

एक गोष्ट मात्र मी ठामपणे सांगेन. जो आवाज औषध बंद करायला सांगतो, तो मेंढपाळाचा नाही. हिज्कीया राजा आजारी पडला तेव्हा यशया संदेष्ट्यानं प्रार्थनेच्या उत्तराबरोबर अंजिरांचा लेप लावायला सांगितला. पौलाचा सोबती लूक वैद्य होता. आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या पोटदुखीवर पौल थोडा द्राक्षारस घे म्हणतो. इन्शुलिन, क्षयाच्या गोळ्या, फिट्सची औषधं 'विश्वासानं' सोडल्यावर काय होतं ते मुंबईतल्या कुठल्याही सरकारी इस्पितळात विचारा. चमत्काराच्या नावानं लोकांना फसवणं हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, आणि तो कुठल्याही धर्माच्या माणसाला लागू आहे.

गोड बोलणारा खरा की कडक बोलणारा?

यिर्मयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात दोन संदेष्टे मंदिरात समोरासमोर येतात. हनन्या म्हणतो, बाबेलच्या राजाचं जोखड देवानं मोडलं, दोन वर्षांत सगळं परत मिळेल. यिर्मया म्हणतो, आमेन, तसं होवो. पण मला तसं दिसत नाही. लोकांना हनन्या आवडला असणार. खरा ठरला यिर्मया.

यावरून कडक बोलणाराच खरा असं नाही. कडक शब्द कुणाच्या वाट्याला येतात ते बघा. येशूचे सर्वांत कठोर शब्द धर्मपुढाऱ्यांसाठी होते. व्यभिचारात धरलेल्या बाईशी तो हळुवार बोलला, आणि यापुढे पाप करू नकोस हेही तिला सांगितलं. जिथे देणगीदाराच्या चुकीवर पांघरूण घातलं जातं आणि घटस्फोटित बाईला व्यासपीठावरून टोमणे मारले जातात, तिथे ही दिशा उलटी झालेली असते.

पंडिता रमाबाईंचं पत्र

आपल्या भाषेतल्या एका थोर ख्रिस्ती बाईनं हा प्रश्न फार लवकर ओळखला होता. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. तिथल्या ज्या धर्मभगिनीला त्या आईसारखं मानत, त्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा धर्मतत्त्वांवरून आणि चर्चच्या अधिकारावरून मोठा पत्रव्यवहार झाला. 1885 च्या एका पत्रात त्यांनी स्पष्ट कळवलं की भारतातल्या पुरोहितवर्गाचं जोखड मी मोठ्या प्रयासानं झुगारलं आहे. आता धर्मगुरूंकडून येणारी प्रत्येक गोष्ट परमेश्वराची आज्ञा म्हणून मान्य करून तसलंच दुसरं जोखड मानेवर घेणार नाही. ख्रिस्तावरचा त्यांचा विश्वास यानं डळमळला नाही. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं, पुढच्या दुष्काळात मध्य प्रांतांतून शेकडो मुलीबायका वाचवून आणल्या, केडगावात मुक्ती मिशन उभारलं आणि अखेरपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतरावर खपल्या. मेंढपाळाचा आवाज आणि त्याच्या नावानं बोलणाऱ्यांचा आवाज यांत फरक करणारी बाई मंडळीच्या बाहेर फेकली जात नाही, हे त्यांच्या आयुष्याकडे पाहून कळतं.

आणि मनात येणारा आवाज?

'मला देवानं सांगितलं' हे वाक्य आपणही वापरतो. आतल्या आवाजाची पारख करण्याचे जे नियम लोयोलाच्या इग्नाती यांनी लिहिले, ते 1548 मध्ये पोपच्या मान्यतेनं छापले गेले आणि त्यांनी स्थापलेल्या जेझुइट संघाचे फादर आजही शिकवतात. त्यातला एक मला विशेष उपयोगी वाटतो: मन कोरडं, उदास, अंधारलेलं असताना आधी घेतलेला चांगला निर्णय बदलू नका. दुसरा असा की खोटा आवाज गुपित राहू इच्छितो. तो एखाद्या समजूतदार, अनुभवी माणसाला सांगून टाकला की त्याचं बळ ओसरतं. पौलाचा नियमही हाच आहे. दोघातिघांनी संदेश सांगावा आणि इतरांनी पारख करावी, असं तो करिंथकरांना लिहितो. मोठा निर्णय घेताना, विशेषतः लग्न, घर विकणं, नोकरी सोडणं अशा बाबतीत, एकट्याच्या 'प्रकटीकरणावर' विसंबणं शास्त्राला धरून नाही.

आज काय करता येईल

तुमची मंडळी किंवा सेवासंस्था नोंदणीकृत सार्वजनिक न्यास असेल तर 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार तिचे हिशेब तपासले जावे लागतात आणि धर्मादाय आयुक्तांकडे जावे लागतात. ते पाहायला मागणं हे बंड नाही. लहान मुलाशी लैंगिक गैरवर्तन झाल्याचं कळलं तर आधी मंडळीची बैठक बोलावू नका; 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, मग समोर कितीही मोठा धर्मगुरू असो.

सर्वांत अवघड प्रसंग म्हणजे आपलीच आई, मावशी किंवा भाऊ अशा आवाजाच्या मागे गेलेला असणं. टर उडवू नका. चिडून फोन काढून घेतलात तर तो उपदेशक म्हणेल, बघ, मी सांगितलं होतं ना, घरचे तुझे शत्रू होतील. तिला तिथे काहीतरी मिळालेलं असतं, आणि बहुधा ते हेच असतं की कुणीतरी तिचं नाव घेऊन तिच्यासाठी प्रार्थना केली. आपल्या मंडळीत ते शेवटचं कधी झालं, हा प्रश्न आपल्या पाळकांनी आणि आपणही स्वतःला विचारायला हवा. तिच्याबरोबर तो व्हिडिओ पूर्ण बघा. मग तिलाच विचारा: याच्या सभेत आजारी माणसाच्या घरी कोण जातं? पैशांचा हिशेब कुणी पाहिला आहे? आपण याला प्रश्न विचारला तर चालेल का? शक्य असेल तर हेच प्रश्न तिला त्या उपदेशकाला लिहून पाठवू द्या. त्याचं उत्तर येईपर्यंत पैसे पाठवायचे नाहीत आणि गोळ्या थांबवायच्या नाहीत, एवढं तिच्याकडून कबूल करून घ्या.